चिंचदऱ्याचा पांढरा पळस

फाल्गुन आला आणि बालाघाटाच्या उतरणीवर पळसांनी पानं टाकली. पानं टाकली, लाज टाकली, आणि उघड्या काळ्या फांद्यांवर केशर ओतून घेतलं. उतारामागून उतार, वळणामागून वळण, नुसतं केशर. खाली कडब्याच्या गंजी, कोरडे ओढे, मळणी उरकलेली हरभऱ्याची रानं. वर तापून पांढुरकं पडलेलं आभाळ. आणि मध्ये हा रक्तकेशरी, निर्गंध, निर्लज्ज उत्सव. ज्याला डोळे आहेत त्यानं पाहून घ्यावा.

त्या केशरातून एक सडक जात होती. अरुंद, उन्हातान्हाची, वाहनविरळ. तासाभरात एखादी बैलगाडी, एखादी दुधाची मोटारसायकल, बाकी वारा आणि घुमणारे व्हले. आणि त्या दिवशी, त्या सडकेवर, एक जोडसायकल.

एकच सांगाडा, दोन सीट, चार पायडल, दोन बायका. पुढे उज्ज्वला, मागे कालिंदी. पुढची भावजय, मागची नणंद. नणंदेनं हुकूम सोडावेत आणि भावजयीनं ते झेलावेत ही जगाची रीत. इथे ती रीत चाकांवर बसून निघाली होती, एवढाच फरक.

"जोरात, वहिनी. अजून जोरात."

"चढ आहे हो, ताई."

"चढ संपेल. त्याच्याआधी उजेड संपेल."

कालिंदीच्या पायाला भिंगरी होती. आजची नाही, परकराच्या वयापासूनची. घर तिला रात्रीपुरतं लागे. सकाळ झाली की तिचे डोळे उंबऱ्याबाहेर आणि मागोमाग पाय. मराठवाड्यातल्या आडवाटा, पांदी, घाट, तलावांचे बांध तिनं एकटीनं सायकलवरून पालथे घातले होते. लोक म्हणत, ही बाई बसलेली कुणी पाहिली आहे का? कुणी पाहिलेली नव्हती.

मग गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या बुबुळांत झोत टाकला, बराच वेळ पाहिलं, आणि दिवा विझवून खरं ते सांगितलं. उंदरानं भाकरी कडेकडेनं कुरतडत न्यावी तशी तिची नजर काठांकडून जात होती. मधला घास तेवढा उरला होता. दिवसा, भर उन्हात, समोरचं एक वाटोळं तेवढं दिसे. दिवस कलला की तेही मिटे. आणि ते वाटोळं, डॉक्टर म्हणाले, लहान होत जाणार.

त्या दिवसापासून तिची भिंगरी वेडावली. पाहून घे. धबधबा पाहून घे, लेणी पाहून घे, करडईची फुललेली रानं पाहून घे, माळढोकाचं ओसाड माळरान पाहून घे. एक पाहावं, ते डोळ्यांत नीट मुरायच्या आत दुसऱ्याची तहान लागावी. भरल्या ताटावरून उठून दुसऱ्या पंगतीला धावणाऱ्या माणसाचं पोट भरत नाही. कालिंदीचंही भरत नव्हतं.

आणि उज्ज्वला? भाजीबाजाराच्या पलीकडे तिनं आयुष्यात सायकल मारली नव्हती. पण बाजूनं येणारी गाडी जिला दिसत नाही, तिला एकटीला सडकेवर सोडायचं कसं? आणि कालिंदीला घरी बसवायची टाप कुणाची? तेव्हा या गरीब गायीनं पुण्याहून जुनी जोडसायकल मागवली, गुडघे फोडून घेतले, शेजाऱ्यांचं हसू सोसलं, आणि नणंदेचे डोळे होऊन पुढच्या सीटवर बसली. घरात तिला कुणी शूर म्हणत नसे. तिलाही कधी तसं वाटलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी अंबाजोगाईबाहेर एका रसवंतीवर दोघी थांबल्या होत्या. चरकाची घुंगरं वाजत होती. ऊस सारता सारता रसवंतीवाला सहज बोलून गेला, "पळस बगायला आलाव व्हय? मंग चिंचदऱ्याला जावा. तिकडं पांढरा पळस हाय मनतेत. लाखात एक. म्या काई बगितला न्हाई."

पांढरा पळस! कालिंदीच्या हातातला पेला तसाच राहिला. इतकं केशर आयुष्यभर पाहिलं. पण त्या केशराच्या कुळात जन्मून केशर नाकारणारा, श्वेतवस्त्र, एकाकी, दुर्मीळ असा एक पळस तिनं फक्त ऐकला होता. हे पाहिलं की झालं, ती म्हणाली. हे पाहिलं की मी थांबते. उज्ज्वलानं मान डोलावली. असं ताई दर वेळी म्हणत.

सकाळी दोघींनी चिंचदऱ्याची वाट धरली, आणि वाटेनं त्यांना हसतमुखानं फसवायला सुरुवात केली.

फाट्यावर, लिंबाच्या गार सावलीत, हुसेनभाई नालबंद एका खिल्लाराला आडवा पाडून खुरांना पत्री ठोकत होते. बैलाचे पाय बांधलेले, डोळे शांत, पोट वरखाली. खुराच्या कडेनं हातोडीचा नाजूक ठोका, मग खिळा, मग पुन्हा ठोका. कालिंदी त्या ठोक्यांत रंगून गेली. समोरचं वाटोळं बरोबर एका खुराएवढं होतं.

हुसेनभाईंनी बैल उठवला, मग न सांगता सायकलीकडे वळले. मागचं डावं पायडल सैल झालंय हे त्यांनी कानानंच ओळखलं होतं. दोन फेऱ्यांत ते घट्ट केलं, मडक्यातलं पाणी पाजलं, आणि बायकांनी एवढ्या उन्हाचं फिरू नये म्हणून मोठ्या भावासारखे रागावलेही.

"भाई, पांढरा पळस कुठे आहे हो?"

हुसेनभाईंचा हात मडक्यावरच थांबला. लिंबाखाली बसलेल्या बैलवाल्यानं हुसेनभाईंकडे पाहिलं. हुसेनभाईंनी बैलाकडे पाहिलं.

"पांढरा? पळस पांढरा कसा राहील, ताई? कुणी मस्करी केली असेल." मग, जरा थांबून, फार मायेनं: "तरी बघायचं असंल तर डाव्या हातानं जावा. तळ्याच्या अंगानं."

डाव्या हाताला तळं होतं. तळ्यात पाणी नव्हतं. भेगाळलेल्या, सोलपटलेल्या, तपकिरी तळावर एक टिटवी आपल्या चार ठिपकेदार अंड्यांभोवती ओरडत फिरत होती. कालिंदीनं ती अंडी पाहिली, मातीच्या रंगाची, मातीत हरवलेली, आणि क्षणभर खाली वाकली. दुसऱ्याच क्षणी ती म्हणाली, चल. सूर्य माथ्यावर आला होता.

वस्तीच्या तोंडाशी, सडकेला लागून, एका अंगणात कुरडयांचा घाट घातलेला होता. मोठ्या पातेल्यात चीक रटरटत होता, बाजेवर धुतलेलं धोतर पसरलेलं, त्यावर सोऱ्यातून पडणारी पांढरी, लवलवती, वेटोळी नक्षी. पाच-सहा बायका, तोंडाचा पट्टा सोऱ्याहून वेगात. सायकल पाहताच पट्टा थांबला.

"आगं बाई! दोघी कोन गं तुमी?"

"नणंद-भावजय."

"नंदा-भावजया? अन् एका सायकलीवर? भांडत न्हाईत का?"

"उतारावर भांडतो," उज्ज्वला म्हणाली. "चढावर दम कुठला?"

अंगण खळाळून हसलं. लगेच दोन ताटल्या आल्या. गरम चीक, मध्ये खळगा, खळग्यात दूध आणि गुळाचा खडा. घशाखाली उतरताना तो चीक साऱ्या सकाळचा शीण पुसत गेला. एकीनं उज्ज्वलाच्या गुडघ्यावरची खोक पाहून हळद लावली. एकीनं कालिंदीला जवळ बसवून हातात सोऱ्या दिला. कालिंदीची कुरडई वाकडी पडली तर म्हणाली, राहू दे, ही तुमची म्हणून वेगळी तळू. इतकी माया, आणि तीही वाटसरूंवर. दुसऱ्या कुणाला तिथून उठवलं नसतं.

पण कालिंदीनं विचारलं. "पांढरा पळस कुठे आहे?"

आणि अंगणात एकदम चिकाचा रटरटाट तेवढा ऐकू येऊ लागला.

"तसलं काई न्हाई, माय," थोरली म्हणाली.

"हाय की," धाकटी म्हणाली, ओठ दाबत. "टेकाच्या मागं, म्हसोबापशी. पांढरंफेक झाड हाय."

टेकाच्या मागं म्हसोबा होता, शेंदूर होता, आणि एक पानझडला, वाकडातिकडा, पांढऱ्या फुलांनी डवरलेला चाफा होता. सुंदर होता बिचारा. पण चाफा होता. कालिंदी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि चाफ्याला, म्हसोबाला, त्या धाकटीला, सगळ्यांना मिळून जे काही बोलली ते उज्ज्वलानं ऐकलं नाही असं दाखवलं.

मग कालिंदी वळली. मग हसली.

"वहिनी, हे सगळे खोटं बोलतायत."

"मग जायचं परत?"

"परत कशाला? झाड नसतं तर खोटं कशाला बोलले असते?"

आणि पुन्हा ती चाकं. सडक सोडून गाडीवाट, गाडीवाट सोडून पांद, पांद सोडून बांध. डावीकडे पळस, केशरी. उजवीकडे पळस, केशरी. ओढ्यात केशरी, उतारावर केशरी, कातळावर केशरी. कालिंदी मान गरागरा फिरवत होती. ज्याचे काठ गेले त्याला मान फिरवूनच जग गोळा करावं लागतं. हा? नाही. तो? नाही. पलीकडचा? नाही, नाही, नाही. इतकं केशर की तिला केशराचा वीट आला, चीड आली, शेवटी रडू आलं. आणि सूर्य, ज्याला कुणाचीच घाई नसते, तो आपला उतरत होता.

सावल्या लांबल्या. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. उज्ज्वलाला अजून सगळं स्वच्छ दिसत होतं, बांधावरचं कुसळसुद्धा. मागून मात्र पायडलचा जोर कमी होत गेला, आणि मग हुकूमही थांबले. उज्ज्वलाला ते हुकूम नसणं सहन होईना.

"ताई? दिसतंय ना?"

"थोडं," कालिंदी म्हणाली. "थोडं थोडं. चालव तू."

पुढे ओढा आडवा आला. सायकल काठावर टेकवून दोघी पायीच उतरल्या. तेव्हा समोरून, ओढ्याच्या पात्रातून, एक म्हातारी वर येत होती. नऊवारीचा काचा, पाठीवर कपाशीवर औषध मारायचा फवारणी पंप, आणि दोन्ही हात कोपरांपर्यंत केशरी. शिमगा आठवड्यावर आला होता. म्हातारी आताच खेळून आली की काय, असं उज्ज्वलाला वाटलं.

ती गयाबाई. चिंचदऱ्याच्या वस्तीतली सर्वांत थोरली, आणि त्या दिवशी पाळी तिची होती.

"कुटं चाललाव माय, येवड्या अवेळी?" तिनं कमरेची पाण्याची चरवी सोडून कालिंदीपुढे धरली. या वस्तीत लोक आधी प्रश्न विचारत, पण उत्तरासाठी पाणी अडवत नसत.

कालिंदीनं हात पुढे केला. हात चरवीच्या शेजारून गेला. पुन्हा केला, पुन्हा हवाच लागली. गयाबाईनं ते पाहिलं. तिनं मुकाट्यानं कालिंदीचं मनगट धरून चरवीवर ठेवलं.

"दिसंना का, माय?"

कालिंदी पाणी प्यायली नाही. साऱ्या वर्षात ती कुणापुढे हे बोलली नव्हती. डॉक्टरांपुढे नाही, भावापुढे नाही. इथे, या अनोळखी ओल्या हातापुढे, तिला सांगावंसं वाटलं.

"उजेड असला की समोरचं दिसतं, मावशी. बाजूचं नाही. दिवस बुडाला की काहीच नाही. आणि पुढच्या वर्षी उजेडातही दिसेल की नाही, कुणी सांगत नाही. मला तो पळस बघायचा होता. फांदी नको, फूल नको, काही न्यायचं नाही. नुसतं बघायचं होतं. सकाळपासून सगळ्यांनी चीक दिला, पाणी दिलं, आणि रस्ता खोटा दिला. असू दे. तुम्हीही खोटंच सांगा, पण लवकर सांगा. उजेड चाललाय."

ओढ्याच्या रेतीत एक पाखरू उतरलं आणि उडालं. गयाबाई पश्चिमेकडे पाहत होती, सूर्य किती उरलाय ते.

"चल," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं नाही.

ओढ्याच्या वळणावर, कातळाच्या आडोशाला, एक झाड होतं. जुनं, खरबरीत, तीन अंगांनी वाकलेलं, फुलांनी लगडलेलं. गयाबाईनं एक खालची फांदी वाकवून कालिंदीच्या अगदी तोंडापुढे आणली. शेवटचं ऊन तिरपं होऊन त्या फांदीवर पडलं होतं.

कालिंदीनं डोळे ताणून पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"हा तर केशरीच आहे."

"वरून," गयाबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं, भराभर, कारण सूर्य थांबणार नव्हता. पांढऱ्या पळसाखाली गुप्तधन असतं म्हणतात. त्याच्या मुळीनं पुरलेलं सोनं बोलतं म्हणतात. अवसेला येतात मेले, लिंबं-बिब्बे घेऊन, कुऱ्हाडी घेऊन. या झाडाला जोडीला दुसरं होतं, धाकटं. एका रात्रीत मुळासकट गेलं. सकाळी नुसता खड्डा आणि त्यात हळदकुंकू. त्या वर्षीपासून वस्तीनं ठरवलं. फुलं आली की साध्या पळसाची फुलं उकळायची, त्यात गेरू कालवायचा, पंपात भरायचं आणि हे झाड रंगवायचं. फुलं रोज नवी उमलतात, म्हणून रंग रोज नवा. घरटी पाळी. आणि विचारणारा आला की त्याला जेवू घालायचं, पाणी पाजायचं, आणि भलतीकडं धाडायचं.

"तुमीबी त्येच्यातल्याच वाटलाव. सायकलीवर पाहनी करायला आलेल्या," गयाबाई म्हणाली. "आन पानी. धू."

उज्ज्वलानं सायकलीवरची बाटली धावत जाऊन आणली. कालिंदीच्या एका पशात धार धरली.  दुसऱ्या हातानं तिनं एक फूल, एकच, दोन बोटांत धरलं, चोचीसारखं वळलेलं, मखमली, जड. आणि त्यावर पाणी सोडलं. केशर ओघळलं. मनगटावरून ओघळलं, कोपरावरून ओघळलं, कातळावर टपटपलं. पुन्हा पाणी. पुन्हा केशर. मग फिकट. मग आणखी फिकट.

मग पांढरं.

सायीचं पांढरं, किंचित हिरवट झाक असलेलं, आतून उजळलेलं. त्या सांध्यरक्त उतारावर, त्या केशरसागरात, बोटभर पांढरं. कालिंदीला उरलेलं वाटोळं एवढंसं होतं, आणि ते एक फूल त्यात काठोकाठ बसलं. बाजूला काय आहे, मागे काय आहे, पुढे काय राहिलं, यातलं काहीही पाहायची तिला गरज उरली नाही. मान फिरली नाही. पाय हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कालिंदी एका जागी उभी होती, आणि उज्ज्वला फुलाकडे न पाहता तिच्याकडेच पाहत होती.

"आजून दोन धू की," गयाबाई फांदी आणखी वाकवत म्हणाली. "सबंद फांदी धू. मी बसते राखनीला रातभर."

कालिंदीनं मान हलवली. उजेड आता तिच्यापुरता अगदी थोडा होता. त्या थोड्यात तिनं गयाबाईच्या पाठीवरच्या पंपाची नळी चाचपडत शोधली.

"द्या इकडे," ती म्हणाली. "कुणाला दिसायला नको."

गयाबाईनं दांडा हलवला. कालिंदीनं नळी फुलावर धरली, अगदी जवळून, डोळे उघडे ठेवून. बारीक, मऊ, केशरी धुकं उडालं. आधी पाकळीच्या कडा बुडाल्या, मग देठाकडचा उजाळा, मग मधलं वाटोळं. लहान, आणखी लहान, ठिपक्याएवढं. तिनं त्या ठिपक्यावरही नळी धरली. फांदी सुटली, डुलली, स्थिरावली, आणि उतारावरच्या साऱ्या पळसांत तोही एक पळस झाला. केशरी, निमूट, सुखरूप.